वेळेत पोहोचलेला फॅक्टर

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर उभं राहिलं की शहराचे बहुतेक व्यवहार आसपासच सापडतात. टपाल कार्यालय, बँक, व्हिक्टोरिया मार्केट, सराफा, पाटणकर बाजार, सगळं पायी फिरण्याजोगं. जयारोग्य रुग्णालय समूहही याच लष्कर भागात आहे. १९४६ साली सुरू झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी तो जोडलेला आहे. शिंद्यांच्या फौजेबरोबर आणि दरबाराबरोबर आलेली मराठी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. भिंड, मुरैना, शिवपुरी, दतिया, श्योपूरकडची माणसंही मोठ्या दुखण्यासाठी याच शहराची वाट धरतात.

रक्त नीट न गोठण्याच्या हिमोफिलिया या आजारात दवाखान्याचं अंतर औषधाइतकंच महत्त्वाचं असतं. बाड्यामागच्या गल्लीतल्या एखाद्या मुलाच्या गुडघ्यात रक्त उतरलं आणि त्याच दिवशी श्योपूरकडच्या खेड्यातल्या मुलाच्या गुडघ्यातही उतरलं, असं समजा. आजार दोघांचा एक, औषधही एक. पण पहिल्याला ते दोन तासांत मिळू शकतं आणि दुसऱ्याला दोन दिवसांनी. असं दर महिन्याला होत राहिलं, तर वीस वर्षांनी पहिला आपल्या पायांनी कामाला जाईल आणि दुसरा काठीच्या आधाराने घरात फिरेल. हा फरक कुठल्या पायरीवर पडतो आणि तो कसा भरून काढता येतो, ते क्रमाने पाहू.

रक्त थांबतं कसं, आणि इथे अडतं कुठे

रक्तवाहिनीला इजा झाली की शरीर दोन कामं करतं. आधी प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी जखमेच्या तोंडाशी गोळा होतात आणि कच्चं बूच बसवतात. मग रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि शेवटी फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणून ते बूच पक्कं करतात. शेताचा बांध फुटला की आधी धोंडे टाकतात आणि मग चिखलाने फटी लिंपतात, तसाच हा प्रकार. धोंडे पडले पण लिंपण झालं नाही, तर पाणी झिरपतच राहतं.

या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आठवा आणि नववा फॅक्टर जोडीने काम करून दहाव्याला जागं करतात. ही जोडी मोडली की पुढची साखळी रेंगाळते. आठवा कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार जन्मणाऱ्या दर लाख मुलग्यांमागे साधारण २५ जणांना ए आणि ५ जणांना बी असतो. त्याच अभ्यासाच्या अंदाजाने जगात सुमारे ११ लाख २५ हजार पुरुषांना हिमोफिलिया आहे आणि त्यातल्या ४ लाख १८ हजारांना तीव्र स्वरूपाचा. यातल्या बहुसंख्यांचं निदानच झालेलं नाही, आणि ते मुख्यतः आपल्यासारख्या देशांत राहतात.

निरोगी माणसाच्या तुलनेत फॅक्टर किती टक्के आहे यावरून तीव्रता ठरते. १ टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र, १ ते ५ म्हणजे मध्यम, ५ ते ४० म्हणजे सौम्य. सौम्य रुग्णाला कित्येकदा दात काढेपर्यंत किंवा शस्त्रक्रिया होईपर्यंत आजाराचा पत्ताच नसतो. तीव्र रुग्णाला मात्र काही न लागताही आतल्या आत रक्तस्राव होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हिमोफिलियाच्या मुलाला बोटाला कापलं तर तो भळाभळा रक्त जाऊन दगावत नाही. त्याचं रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहत नाही, ते जास्त वेळ वाहतं. लहानसहान खरचटणं प्लेटलेट निभावून नेतात. खरा धोका आतला आहे: गुडघा, घोटा, कोपर, मांडीचे आणि कमरेचे स्नायू, आणि सर्वांत वाईट म्हणजे मेंदू. सांध्यात उतरलेल्या रक्तातलं लोह सांध्याच्या अस्तराला सुजवतं. सुजलेल्या अस्तरात नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या पुन्हा सहज फाटतात, पुन्हा रक्त उतरतं. हळूहळू कूर्चा झिजते आणि पाय वाकडाच राहतो. वेळेत न मिळालेल्या औषधाचं नुकसान असं साठत जातं.

घरातली पहिली खूण

आपल्या घरांत बाळाचे कान लवकर टोचतात, मुलग्यांचेही. टोचलेल्या जागेतून दुसऱ्या दिवशीही रक्त पाझरत असेल, तर ती दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. अंगाला तेल लावून चोळल्यावर निळे डाग उठणं, लसीच्या जागी मांडीवर टणक गाठ येणं, रांगायला लागल्यावर गुडघ्यावर आणि छातीवर काळेनिळे वण दिसणं, पडल्यावर वरच्या ओठाच्या आतली त्वचा फाटून दोन-दोन दिवस रक्त येत राहणं, या सगळ्या खुणा पहिल्या दीड-दोन वर्षांतच दिसू शकतात. आजोळी मामाला किंवा आईच्या आजोळी कुणाला असा त्रास असेल तर संशय आणखी बळावतो. पण घरात कुणालाच नव्हतं म्हणून निर्धास्त होऊ नये. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात आधी कुणालाही हा आजार नसतो. जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो.

या टप्प्यावर दोन चुका वारंवार होतात. सुजलेला गुडघा हाडवैद्याकडे नेऊन चोळून घेणं ही एक. त्याने रक्तस्राव वाढतो. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी देणं ही दुसरी; त्या गोळ्या प्लेटलेटचंही काम मंदावतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. स्नायूत इंजेक्शन टाळायचं, पण लसी टाळायच्या नाहीत. बारीक सुई वापरून, नंतर पाच-दहा मिनिटं जागा दाबून धरून, शक्य तिथे त्वचेखाली लस देता येते.

निदान: निळ्या टोपणाची नळी

साध्या रक्ततपासणीत हिमोफिलिया सापडत नाही. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं ठीक येतं. पालक अहवाल घेऊन घरी जातात आणि वर्ष निघून जातं. नेमकी खूण गोठण्याच्या दोन चाचण्यांत आहे. पीटी ही चाचणी नेहमीसारखी येते आणि एपीटीटी ही दुसरी चाचणी लांबलेली येते. असं दिसलं की रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्तातला द्रव, निरोगी माणसाच्या प्लाझ्मात समप्रमाणात मिसळून पुन्हा मोजतात. वेळ सुधारली तर कुठला तरी फॅक्टर कमी आहे. मग आठवा आणि नववा स्वतंत्रपणे मोजले की निदान पक्कं होतं.

यातली सगळ्यांत नाजूक पायरी म्हणजे रक्त काढणं. या चाचण्यांसाठी निळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणारं सायट्रेट घातलेली नळी लागते. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडून चालत नाही, म्हणून नळी खुणेपर्यंतच भरायची, ना कमी ना जास्त. नळी हलक्या हाताने उलटसुलट करायची, गदागदा हलवायची नाही. चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करून तपासायला घ्यायचा. दुपारी काढलेली नळी उन्हात तापलेल्या गाडीतून संध्याकाळी मोठ्या शहरात पोहोचली, तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी चाचणी का हवी, याचं उत्तर या चार तासांत आहे.

मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. हिमोफिलियाचं जनुकीय निदान, वाहक तपासणी आणि गर्भातलं निदान या कामांत तिने देशाला वाट दाखवली. गेल्या काही वर्षांत तिथल्याच शास्त्रज्ञांनी हिमोफिलिया ए आणि फॉन विलेब्रांड हा रक्तस्रावाचाच दुसरा आजार ओळखणारा, थोड्याशा रक्तावर आणि मोठ्या यंत्राशिवाय चालणारा झटपट चाचणी संच विकसित केला. असा संच तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचला तर संशयित मूल तिथेच ओळखता येईल, आणि पक्क्या निदानासाठी मोठ्या केंद्रात कुणाला पाठवायचं ते लगेच ठरेल.

फॅक्टर देताना नेमकं काय होतं

१९६४ साली अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी दाखवून दिलं, की गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळवला की तळाशी जो साका राहतो त्यात आठवा फॅक्टर दाटून आलेला असतो. हेच क्रायोप्रेसिपिटेट, रक्तपेढीच्या बोलीत क्रायो. कुठल्याही चांगल्या रक्तपेढीत ते बनू शकतं, म्हणून गरीब देशांत त्यावरच वर्षानुवर्षं गाडा चालला. पण एका पिशवीत साधारण ८० ते १०० युनिटच फॅक्टर असतो, नवव्याचा त्यात उपयोग नाही, आणि प्रत्येक पिशवी वेगळ्या दात्याची असल्याने विषाणूंचा धोका उरतो. १९८० च्या दशकात दूषित रक्तघटकांमुळे जगभर हजारो हिमोफिलियाग्रस्तांना एचआयव्ही आणि कावीळ झाली. त्यानंतर विषाणू निष्क्रिय केलेला दाट फॅक्टर आणि प्रयोगशाळेत जनुकतंत्राने बनवलेला फॅक्टर पुढे आले. जिथे हे मिळतात तिथे आज त्यांनाच पसंती दिली जाते.

औषध येतं ते काचेच्या लहान बाटलीत, पांढऱ्या भुकटीच्या रूपात: २५०, ५०० किंवा १००० युनिट. सोबत विरघळवायचं पाणी आणि गाळणी असते. फ्रिजमधली बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. रबरी बुचं स्पिरिटने पुसायची. पाणी भुकटीवर थेट धारेने न मारता बाटलीच्या कडेने सोडायचं. मग बाटली हातात धरून गोल गोल फिरवायची. हलवली तर फेस येतो आणि प्रथिनं बिघडतात. द्रव स्वच्छ झाला की गाळणीतून सिरिंजमध्ये ओढायचा आणि बारीक सुईने शिरेत हळूहळू सोडायचा. मोठ्या माणसात मिनिटाला ३ मिलिलिटरपेक्षा वेग नको, लहान मुलात आणखी सावकाश. सुई काढल्यावर जागा पाच मिनिटं दाबून धरायची. शिकलेली परिचारिका किंवा शिकलेली आई हे काम अर्ध्या तासात आटोपते.

मात्रेचं गणितही कागदावर मांडता येतं. आठव्या फॅक्टरचं १ युनिट प्रति किलो दिलं की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. नवव्याचं १ युनिट दिलं तर सुमारे १ टक्क्याने. २० किलोच्या मुलाच्या गुडघ्यात रक्त उतरलंय आणि पातळी ४० टक्क्यांवर न्यायची आहे, तर आठव्या फॅक्टरचे ४०० युनिट लागतील. अर्धी बाटली फेकायची नसते, म्हणून ५०० ची पूर्ण बाटली देतात. हेच क्रायोने करायचं तर चार-पाच दात्यांच्या पिशव्या लागतील. डोक्याला मार लागला असेल तर पातळी १०० टक्क्यांपर्यंत न्यावी लागते, म्हणजे १००० युनिट. तिथे नियम एकच: आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. स्कॅनच्या रांगेत घालवलेला तास मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

सर्वांत महत्त्वाची पायरी: रक्त येण्याआधीचा फॅक्टर

आठवा फॅक्टर शरीरात फार काळ टिकत नाही. ८ ते १२ तासांत त्याची पातळी निम्म्यावर येते. नववा १८ ते २४ तास टिकतो. म्हणूनच बराच काळ आपल्याकडे एकच पद्धत रूढ राहिली: रक्तस्राव झाला की रुग्णालय गाठायचं आणि फॅक्टर घ्यायचा. युरोपात मात्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. मध्यम हिमोफिलियाच्या रुग्णांचे सांधे क्वचितच खराब होतात, कारण त्यांच्या रक्तात १ टक्क्याहून थोडा जास्त फॅक्टर असतो. मग तीव्र रुग्णालाही नियमित फॅक्टर देऊन त्या पातळीच्या वर ठेवलं तर? हीच प्रतिबंधक उपचारपद्धती, रुग्ण ज्याला प्रोफायलॅक्सिस म्हणतात.

श्रीमंत देशांत यासाठी आठवड्यातून तीनदा किलोला २५ ते ४० युनिट देतात. एवढं आपल्याला परवडत नाही, म्हणून आपल्याकडे हा विषयच बराच काळ बाजूला ठेवला गेला. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतल्या डॉक्टरांनी लहान मुलांवर अल्प मात्रेचा तुलनात्मक अभ्यास केला, आठवड्यातून दोनदा किलोला १० युनिट. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. नियमित अल्प मात्रा मिळालेल्या मुलांच्या सांध्यांतले रक्तस्राव गरजेनुसार फॅक्टर घेणाऱ्यांपेक्षा खूपच कमी झाले. चीनमधल्या अभ्यासांतही असंच दिसलं. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना अल्प मात्रेच्या नियमित उपचाराला स्पष्ट मान्यता देतात आणि केवळ रक्तस्राव झाल्यावर औषध देणं हा दीर्घकालीन उपाय मानत नाहीत. या सूचना तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. आलोक श्रीवास्तव यांनी केलं होतं.

खर्चाचा हिशेब करून पाहू. २० किलोच्या मुलाला आठवड्यातून दोनदा २५० ची बाटली दिली तर वर्षाला २६ हजार युनिट लागतात. हाच मुलगा नियमित उपचाराविना राहिला आणि वर्षात वीस-पंचवीस वेळा रक्त उतरलं, प्रत्येक वेळी ५०० च्या दोन बाटल्या लागल्या, तर २० ते २५ हजार युनिट लागतातच. शिवाय शाळा बुडते, आईबापाची रोजी बुडते, गाडीभाडं जातं आणि शेवटी गुडघा जातो. औषधाचं प्रमाण जवळपास तेवढंच, पण ते आधी दिलं तर सांधा वाचतो आणि नंतर दिलं तर वाचत नाही. विकसनशील देशांतल्या हिमोफिलिया उपचाराबद्दल मला सांगण्याजोगी एकच गोष्ट असेल तर ती ही.

फॅक्टरच्या जोडीला काय हवं

सांध्यात चुणचुणल्यासारखं, गरम किंवा ताठरल्यासारखं वाटलं की मोठी मुलं सूज येण्याआधीच सांगतात, 'ब्लीड सुरू झालंय.' त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. सूज दिसेपर्यंत थांबायचं नाही. फॅक्टर मिळेपर्यंत सांध्याला विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, हलकी पट्टी आणि पाय उंचावर. दात किंवा हिरडीतून रक्त येत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या स्वस्त गोळीचा मोठा उपयोग होतो. मात्र लघवीतून रक्त जात असेल तेव्हा ही गोळी घेऊ नये.

वेदना ओसरली की व्यायाम सुरू. मांडीचा स्नायू आवळून दहापर्यंत मोजणं, पाय सरळ उचलणं, हळूहळू सायकल, शक्य तिथे पोहणं. मजबूत स्नायू सांध्याला आधार देतात. कबड्डी आणि कुस्ती टाळावी, पण मुलाला गादीवर बसवून ठेवणंही चुकीचं आहे. शाळेत वर्गशिक्षकांना, खेळाच्या सरांना आणि मुख्याध्यापकांना आजाराची माहिती, डॉक्टरांचा क्रमांक आणि पहिल्या तासात काय करायचं ते लिहून द्यावं.

तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या सुमारे चौथा हिस्सा ते एक तृतीयांश रुग्णांत शरीर फॅक्टरलाच परकं समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. याला इनहिबिटर म्हणतात. नेहमीच्या मात्रेने रक्त थांबेनासं झालं की त्याची तपासणी करायची. अशा रुग्णांना आठव्या-नवव्याला वळसा घालून गोठण घडवणारी महाग औषधं लागतात. त्यांच्यासाठी एमिसिझुमॅब या औषधाने मोठा बदल केला. आठव्या फॅक्टरचं काम करणारं हे प्रतिपिंड २०१७ पासून वापरात आहे. ते त्वचेखाली टोचतात, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला एकदा. शीर शोधावी लागत नाही आणि इनहिबिटर असला तरी ते काम करतं. दूरच्या गावात राहणाऱ्या मुलासाठी याचं मोल फार मोठं आहे. पण हे औषध हिमोफिलिया ए साठीच आहे, आणि अपघात झाला किंवा शस्त्रक्रिया करायची असली तर फॅक्टर किंवा वळसा घालणारं औषध हाताशी लागतंच.

पुढची वाट जनुकोपचाराची. वेल्लोरच्याच डॉक्टरांनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या पाच भारतीय रुग्णांवरच्या जनुकोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाच्याच रक्तपेशींना आठवा फॅक्टर बनवायला शिकवण्यात ते यशस्वी झाले आणि उपचारानंतर या रुग्णांना रक्तस्राव झाला नाही. हा उपचार सर्वांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल. आज वाढणाऱ्या मुलांचे गुडघे तोपर्यंत थांबणार नाहीत.

आईला दोष नाही

आठव्या आणि नवव्या फॅक्टरचे जनुक एक्स गुणसूत्रावर असतात. मुलग्याकडे एकच एक्स असल्याने त्यात दोष आला की आजार दिसतो. मुलीकडे दोन असल्याने ती बहुधा वाहक असते. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाचे मुलगे या आजारापासून मुक्त असतात, पण त्याच्या सगळ्या मुली वाहक असतात.

हे गणित ठाऊक नसल्यामुळे आपल्या घरांत सुनेला बोल लागतो. कित्येक घरांत आजाराचं नावच दडवलं जातं, आणि मग मामाचा आजार भाच्याच्या वेळी पुन्हा नव्याने शोधावा लागतो. जनुकातला बदल कुणाच्या हातात नसतो. वाहक मुलींना स्वतःलाही पाळीत जास्त रक्तस्राव होऊ शकतो. काहींची पातळी ४० टक्क्यांखाली असते. म्हणून मुलगा रुग्ण निघाला की आई, मावशी आणि बहिणींचीही तपासणी व्हावी. लग्न मोडायला नव्हे, बाळंतपण सुरक्षित व्हावं म्हणून.

मोठ्या शहरातून जिल्ह्यापर्यंत

१९६३ साली कॅनडातल्या फ्रँक श्नाबेल यांनी जागतिक हिमोफिलिया महासंघ स्थापन केला. ते स्वतः रुग्ण होते. १७ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस, तोच जागतिक हिमोफिलिया दिन. आपल्याकडे १९८३ साली अशोक बहादूर वर्मा या रुग्णानेच दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशनचं काम सुरू केलं आणि पुढे शहरोशहरी शाखा उभ्या राहिल्या. औषध आयात करणं, रुग्ण शोधणं, सरकारदरबारी खेटे घालणं ही कामं सुरुवातीला रुग्ण आणि त्यांच्या आईबापांनीच केली. महासंघाच्या मानवतावादी मदत योजनेतून फॅक्टर दानात येत राहिला. पण दान आज येतं, उद्या येईलच असं नाही. नियमित उपचार दानावर उभा राहत नाही. त्याला सरकारी खरेदीचा भक्कम आधार लागतो.

महाराष्ट्राने ही वाट धरली. मुंबईच्या केईएमबरोबरच सातारा, नाशिक, ठाणे आणि अमरावती इथल्या सरकारी रुग्णालयांत हिमोफिलियासाठी डे केअर केंद्रं उघडली. पूर्वी साताऱ्याकडच्या मुलाला फॅक्टरसाठी पुण्या-मुंबईची गाडी पकडावी लागे. आता तो जिल्ह्यातच सकाळी येऊन फॅक्टर घेऊन दुपारी शाळेत जाऊ शकतो, हा या केंद्रांचा खरा अर्थ. अशा केंद्राला फार मोठं काही लागत नाही: एक फ्रिज, गोठण-चाचणीची सोय, दोन शिकलेल्या परिचारिका, व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, रुग्णांची नोंदवही आणि कधीही न संपणारा साठा. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. आर्थिक वर्ष संपताना निविदा रखडली आणि एप्रिल-मेमध्ये कपाट रिकामं राहिलं, की वर्षभर सांभाळलेला सांधा दोन महिन्यांत बिघडतो. म्हणून नोंदवही महत्त्वाची. जिल्ह्यात किती रुग्ण, कुठल्या प्रकारचे, किती वजनाचे, एवढं माहीत असेल तर वर्षाची खरेदी आधीच काढता येते.

केंद्र सरकार राष्ट्रीय आरोग्य अभियानातून राज्यांना हिमोफिलियासाठी साहाय्य देतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला आहे आणि उपचारासाठी प्रवास करणाऱ्या रुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. कायदा आणि निधी दोन्ही आहेत. आता ते ग्वाल्हेरपासून श्योपूरपर्यंतच्या टापूत, आणि तशाच प्रत्येक टापूत, जिल्हा रुग्णालयाच्या फ्रिजपर्यंत उतरायला हवेत.

बाड्याच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांनी, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने, दोन गोष्टी कराव्यात. नात्यात, शेजारात, शाळेत कुणा मुलाच्या अंगावर विनाकारण काळेनिळे वण उठत असतील किंवा गुडघा वारंवार सुजत असेल, तर त्याच्या आईवडिलांना एपीटीटी ही चाचणी करून घ्यायला सांगा. आणि निदान झालेलं मूल ओळखीचं असेल तर त्यांच्याबरोबर जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन विचारा: इथे फॅक्टर कोण देतं, रात्री कोण देतं, नियमित अल्प मात्रा कधी सुरू होईल? उत्तर मिळालं नाही तर तोच प्रश्न लेखी अर्जात द्या, पोच घ्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा.